माप

देवरुखच्या कॉलेजात, मागच्या खोलीत,
जिथं फॉर्मलिनचा वास भिंतीच्या चुन्यातही मुरलाय,
मी सकाळपासून अंडी मोजतेय.
मळ्याची अंडी. बोटभर मासा,
दगडाला तोंड लावून धरणारा,
बाजारात ज्याला कुणी नावानं विचारत नाही,
वाट्यात घालतात, बस.

दोन बरण्या आहेत.
एक वरच्या कोंडातली,
कडा उतरल्या उतरल्या पाणी जिथं थंड आणि घाईत असतं.
दुसरी बंधाऱ्याच्या खालची,
जिथं बाव नदी अंग सैल सोडते
आणि म्हशी, गोधड्या, शेवाळ, सगळ्यांनाच जागा देते.

मासा तोच. खवले मोजले, परांचे काटे मोजले,
तोच.
पण वरचीच्या पोटात दोनशे दहा,
नाचणीच्या दाण्याएवढी,
आणि खालचीच्या पोटात सातशेच्या वर,
खसखस.
गाबोळी तराजूत ठेवली
तर काटा जवळजवळ एकाच जागी थांबतो.

वर पिल्लाला पहिले आठ दिवस दगडच चाटायचे असतात,
शिदोरी आईनं आधीच बांधून द्यावी लागते.
खाली खाणं पुष्कळ, खाणारेही पुष्कळ,
तिथं मोठा घास वाया जायचा.
असं मी प्रबंधात लिहिलंय, जरा लांबवून.

यसू भोईण, जिच्या पागातून हे सगळे मासे आले,
वहीत डोकावून म्हणाली,
"भाजून खाल्ली का कळतंच की.
वरची दाताखाली फुटते,
खालची जिभेवर पीठ व्हते.
येवढ्यासाठी भिंग लावून बसलीस?"

मी तिला विचारणार होते, पोरं किती.
तोंडाशी आलेलं गिळलं,
पण तिनं पाहिलं गिळताना.
"मान्सांवर नको लावू गो तुजा हिशोब.
आमाला कुनी इचारलं व्हतं, किती नि केवडी?"

मग एकोणिसावी मादी.
खालच्या बरणीतली. लेबल माझ्याच अक्षरात, पेन्सिलनं.
पोट उघडलं तर नाचणी.
दोनशे चार दाणे. मी परत मोजले. दोनशे चार.
सर फोनवर म्हणाले, बाटली बदलली असेल,
गाळून टाक, सरासरी बिघडते.

यसूनं एक अंडं चिमटीत धरलं,
दाबलं नाही, नुसतं गोल फिरवलं.
"वरची हाय ही. पुरातनं आली आसंल बंदाऱ्यावरनं.
नवरी कशी येते?
माप वलांडून आली,
पन आपलं माप नाय सोडलंन."

आलेखावर ठिपक्यांची गर्दी खाली डाव्या कोपऱ्यात,
दुसरी वर उजवीकडे,
आणि हा एक,
रंग खालच्यांचा, जागा वरच्यांची.
खोडरबर हातात होतं.
तिची पोरं कुठलं माप घेतील, कुणास ठाऊक,
आता ती व्हायचीही नाहीत, बरणी मीच भरली.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
नमुना एकोणीस, ठेवावा.
दिवा मालवताना दिसली,
उताराला असल्यासारखी,
तोंड काचेला लावून.