झीज

डुलुथ, जानेवारी, उणे एकतीस.
आर्डिस लुंडक्विस्टबाई कोट घालूनच दार उघडतात.
आतही बोलताना वाफ दिसते.

तळघरात भट्टी. व्हर्नरने बसवलेली, सत्त्याऐंशी साली.
पत्र्यावर त्याच्याच पेन्सिलीत
फिल्टर बदलल्याच्या तारखा,
शेवटची चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली.

मी टॉर्च मारतो, फोटो काढतो.
फुटलेला पाइप, त्याचं मिळेल.
फुगलेली लाकडी जमीन, तिचंही,
हजार डॉलर वजा जाता.
भट्टी?
वीज पडली असती तर मिळालं असतं, बाई.
झाड कोसळलं असतं, आग लागली असती, तरी.
ही नुसती म्हातारी झाली.
झीज पॉलिसीत बसत नाही.

"म्हणजे एकदम मोडायला हवं होतं," त्या म्हणतात.
"हळूहळू मोडलेलं तुम्ही मोजत नाही."

जिना चढताना माझा डावा गुडघा वाजतो.
त्यांनाही ऐकू जातं.

स्वयंपाकघरात ओव्हनचं दार सताड उघडं,
समोर दोन खुर्च्या,
एकीवर मांजर.
"ऊठ गं," त्या तिला म्हणतात,
"पाहुण्यांना बसू दे जरा."

फॉर्म मांडीवर घेतो.
पेनातली शाई गोठलेली.
ओव्हनपुढे धरून बसतो.