पट्ट्याचं भोक

चौथ्या दिवशी पेचकस धरवेना.
टेस्टरचा दिवा लुकलुकत होता की माझा हात,
काही कळत नव्हतं.
धंतोलीच्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, ताप आहे का?
हो म्हटलं. कूलरची मोटर उघडीच ठेवून
त्यांच्या पायरीवर बसलो.

मेडिकलच्या बागडे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात पुढे करा, बोटं फाका.
दहाही बोटं त्यांच्यासमोर
मांडवाच्या झालरीसारखी हलत राहिली.
एकटे राहू नका, म्हणाल्या. गोळ्या चुकवू नका. झटका येऊ शकतो.
घरी कुमुदला गोळ्या सांगितल्या.
झटका खिशातच ठेवला.

मग घाम.
फेब्रुवारी, पंखा बंद, आणि चादर अशी
की पिळली असती तर कूलरची टाकी भरली असती.
घामाला देशीचा वास.
गेल्या पोळ्याला प्यालेलीसुद्धा परत करत होतं अंग,
जुनी उधारी
सुट्ट्या पैशांत फेडल्यासारखी.

रात्री पत्र्यावरून कोणीतरी चालायचं.
मांजर असेल, कुमुद म्हणायची.
सातव्या रात्री खरंच मांजर आली
तेव्हा तिचा आवाज वेगळा निघाला.
मी कुमुदला काही बोललो नाही.
तीही काही बोलली नाही.

गोड खावंसं वाटेल, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.
पाव किलो संत्रा बर्फी
गोळीबार चौकात उभ्याउभ्या संपवली,
रस्त्याकडे पाठ करून,
सवयीनं.

लघवीचा रंग चहावरून लिंबूपाण्यावर आला.
ही काय सांगायची गोष्ट आहे?
मोरीत एकटाच हसलो.

निमजे भेटला टिमकीत. "काहून बे देवाजी, बिमार हायेस काय?
गाल पाह्य कसे आत गेले."
तोंडावर सूज होती तेव्हा हाच म्हणायचा,
तब्येत बनवली ना बावा!
"चाल, थोडी घे, बरं वाटन."
माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला बोलू.
जीभ माझी आहे, पण अजून तिची बदली झालेली नाही
जुन्या ऑफिसातून.

तेवीस वर्षं ताट्या बदलतोय मी.
मार्च लागला की हातगाडीवर खसचे भारे, सुतळी, तारेच्या जाळ्या.
यंदा पहिला भारा सोडला आणि
वास असा नाकात शिरला की खाली बसलो.
ओली माती, मुळं, आणखी काहीतरी हिरवं.
इतकी वर्षं हे सगळं माझ्या हातांतून जात होतं
आणि मी कुठे होतो?
त्याच नाकानं संध्याकाळी
भट्टीची गल्लीही बरोबर ओळखली, दोन वळणं आधीच.
नाकाला काय, ते फक्त उघडलं होतं.
मी लांबून गेलो. सायकलची चेन उतरली तरी
थांबलो नाही, ओढत नेली.

तळपायांना मुंग्या आहेत अजून.
बाई म्हणाल्या, नसा हळू येतात जागेवर,
काही येतही नाहीत.
चप्पल पायात आहे की सुटली
ते खाली पाहिल्यावर कळतं.

पँट घसरायला लागली तेव्हा खिळा तापवून
पट्ट्याला नवं भोक पाडलं.
चामडं जळाल्याचा वास घरभर.
पोरगी म्हणाली, बाबा, भोक एकदम मधोमध पडलं.
मी हाताकडे पाहिलं.
मग दुसरं पाडलं, गरज नसताना.

काल रात्री झोप लागली. नुसती झोप, पडणं नव्हे.
मध्येच जाग आली तर नाकाखाली कुमुदचं बोट.
घोरणं बंद झालं म्हणून घाबरली असेल,
अंधारात वाकून बसली होती.

डोळे मी उघडले नाहीत.
श्वास तेवढा जरा जोरात सोडला,
तिच्या बोटाला लागावा म्हणून.