रात्रीचा परवाना

लष्करच्या शिकारखान्यात
त्र्यंबकराव फणसे परवाने लिहीत.
एक रात्र, एक बंदूक, एक सांबर.
मादी नको. पाडस नको.
पाणवठ्यापासून मचाण शंभर पावलं लांब.
डोळ्यांवर बत्तीचा झोत धरू नये –
हे कलम साहेबांनी खोडलेलं,
ते दर वेळी पुन्हा लिहीत,
तळाशी, बारीक अक्षरात.

जिवंत सांबर पाहिलं नव्हतं कधी.
भिंतीवरची शिंगं तेवढी,
आणि दौतीखालचं कातडं.

एकदाच गेले, पंचनाम्याला, तिघऱ्याकडे.
झोत पडला.
करवंदीत दोन हिरवे निखारे
हलेनात.

त्र्यंबकराव खोकले.

थंडीनं की कसं,
घरीही बोलले नाहीत.

परवाना वहीत चिकटवलाय.
शिकार : निरंक.
शाई तिथं जरा जाडच उमटली आहे.