पान सतरा

मी फुग्यांत अक्षरं भरायचो.
चित्र एकाचं, गोष्ट दुसऱ्याची,
माझ्या वाट्याला नुसती उघडी तोंडं.
'थांब!' 'कोण आहे तिकडे?' 'धडाम्!'
धडाम् मला फार छान जमायचं.

रोसारियोत, नदीकडच्या उतारावर, छापखान्याच्या माळ्यात
आम्ही चौघं. पैकी एर्मेलिंदा मागचं काढायची:
तारांचे खांब, कुंपणं, गवत, लांबवर एखादी पवनचक्की,
घोड्यावरच्या नायकामागं जे असतं
आणि कुणी बघत नाही, ते.

एका मंगळवारी संपादक स्कारिच म्हणाला,
"पान सतरा. वारा हवाय.
धूळ नको, उडती टोपी नको,
ते सगळं झालंय करून."
आणि नळीनं कडू येर्बा ओढत जिना उतरला.

एर्मेलिंदानं आठ कागद फाडले.
नवव्यावर सफरचंद कापून खाल्लं.
खिडकीबाहेर उन्हाळा. पान हलत नव्हतं,
ना झाडाचं, ना सतरावं.

शुक्रवारच्या रात्रीच्या बसनं ती निघाली. मीही.
कशाला, ते सांगता येणार नाही.
म्हणजे येईल,
पण तिला कधी सांगितलं नाही.

ला प्लाताच्या संग्रहालयात
ग्लिप्टोडॉन उभा होता, घराएवढी पाठ घेऊन.
शाळेची एक पोरगी विचारत होती, "हा पळायचा का?"
बाई म्हणाल्या, "घाई नसायची त्याला."
पाठीवर तुकडेच तुकडे, एकाला एक खेटून,
आणि मध्ये रेघभर फट.
एर्मेलिंदा जमिनीवर मांडी घालून बसली
आणि दोन तास फक्त फटी काढत राहिली.
"चौकटी बघ," म्हणाली, "गोष्ट केव्हाच गळून गेली,
चौकटी अजून उभ्या."
मला भूक लागली होती. मी हो म्हणालो.

तिथून चास्कोमुसला, तिच्या मामाच्या बंद स्टुडिओत.
मामा बहिरा, दारात कोंबड्या,
आत खोकी भरून काचेच्या जुन्या पट्ट्या.
एक तिनं उजेडासमोर धरली:
कुणाचंसं लग्न. तेवीस माणसं, श्वास रोखून,
मिशा, कॉलर, पंखे, सगळं जागच्या जागी.
कुत्रं तेवढं ऐकलं नव्हतं.
त्याच्या जागी एक पांढुरका फराटा,
चार पाय, की सहा.
एर्मेलिंदा काच खाली ठेवीचना.
"इथून गेलाय," ती म्हणाली.
"कोण? कुत्रं?"
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं स्पेलिंग चुकल्यावर स्कारिच पाहतो.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी. मी खांब मोजत होतो.
चारशे अकरानंतर झोप लागली.

सोमवारी पान सतरा तयार:
नऊ चौकटी, नऊही वेळा तेच कुंपण.
पट्टी न लावता मारलेल्या रेघा,
मधल्या फटी हळूहळू रुंदावत गेलेल्या,
आणि शेवटच्या चौकटीला उजवी बाजूच नाही.
कुंपण कागदाबाहेर चाललेलं.

नायकाच्या तोंडाशी एक फुगा होता.
मी टाक बुडवला.
तिनं माझं मनगट धरलं.
"नको. तो जाऊ दे रिकामा."
किती वेळ धरलं होतं, ठाऊक नाही.
शाईचा थेंब टेबलावर पडला, तो अजून असेल.

स्कारिचनं पान आडवं धरलं, उभं धरलं,
शेवटी लांब नेऊन डोळे बारीक केले.
"छापा," म्हणाला.
"पण पैसे अर्ध्या पानाचे."

पुढं साप्ताहिक बुडालं. एर्मेलिंदा मेंदोसाला गेली,
एकदा पत्र आलं, त्यात डोंगर होता, मजकूर नव्हता.

मी आता पाराना नदीवरच्या होड्यांवर नावं रंगवतो.
बायकांची, संतांची, एकदा एका घोड्याचं.
नावाआधी थोडी जागा मोकळी सोडतो.
मालक विचारतात, इथं काही राहिलं का?
मी म्हणतो, रंग वाळायला लागते.