दुहेरी अंतर सोडून

दोन पानं. ओळींत दुहेरी अंतर.
समास चारी बाजूंनी एक इंच.
आणि प्रश्न एवढाच : तुम्हाला वकील का व्हायचंय?

पहिलं वाक्य सहा वेळा लिहिलं.
'लहानपणापासून मला न्यायाची ओढ' –
खोटं. लहानपणी मला ओढ होती
बंदरात शिरणाऱ्या जहाजांच्या भोंग्याची,
आणि शेजारच्या ऐनोच्या सॉनात, वाफेत बसून
मोठ्या बायकांची भांडणं ऐकायची.
वकिलीची तयारी म्हणावी, तर तेवढीच.

डोरीन म्हणते, दुःख घाल, मार्लिस.
दुःखाला वजन असतं.
भावाचं लिही की, बर्फ फुटून गेला तो.
लिहिलं. एका बैठकीत.
व्याकरण बिनचूक, शेवटी तळं, तळ्यावर ऊन.
वाचून पाहिलं तर टोइवो त्यात
शिफारसपत्रासारखा उभा,
केस विंचरून, हात मागे बांधून.
उभ्या जन्मात त्यानं केस विंचरले नव्हते.
पुसून टाकला.
दुसऱ्यांदा बुडवला म्हणा.

मग उरलं काय?
डुलुथचं कोर्ट, खिडकी क्रमांक तीन, अकरा वर्षं.
घर खाली करायच्या दाव्यांवर
तारखेचा शिक्का मारते मी.
तो सरळ पडावा म्हणून मनगट कसं धरायचं
हे तीन नव्या पोरींना शिकवलंय.
हे कुठल्या रकान्यात भरू?

आणि तो माणूस. बोल्यू. ऑरिन बोल्यू.
जानेवारी, उणे सत्तावीस, बस बंद पडलेली.
मिशीवर बर्फ. छातीशी कागद,
पावाच्या रिकाम्या पिशवीत घातलेला, भिजू नये म्हणून.
मुदतीचा शेवटचा दिवस.
भिंतीवर चार चौतीस.
खिडकी साडेचारला बंद होते.

मी म्हणाले, उद्या या.
त्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक,
त्या कागदाला उद्या नव्हता.
तो भांडला नाही. भांडला असता तर
मी हे विसरले असते.
'बरं' म्हणाला, आणि हातमोजे काढून
पिशवीची गाठ पुन्हा मारत राहिला,
बोटं वळत नव्हती तरी, नीट, दुपदरी.
मी काचेआड किल्ल्या मोजत होते.
पाचच किल्ल्या आहेत.

नियम माझ्या बाजूने होता,
अख्खा नियम,
समासासकट.

डोरीन म्हणते, वेड लागलंय का तुला?
लिहायचंच तर पुढचंही लिही –
तू त्याला शोधलंस, माफी मागितलीस.
नाही शोधलं. एकदा दुकानात, रांगेत,
तशीच टोपी दिसली पाठमोरी.
मी बटाटे, दूध, सगळं पट्ट्यावर सोडून
बाहेर आले, गाडीत बसून राहिले.
हे घालू का, डोरीन?
ती फोनवर बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, निदान बटाटे तरी काढ.

बटाटे ठेवलेत.

आता दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ शिल्लक.
'म्हणून' लिहिते, आणि थांबते.
या दोन ओळींमध्ये एवढी जागा सोडायला लावतात,
वाचणाऱ्याला पेन्सिलीनं काही टिपता यावं म्हणून म्हणे.
टिपा बाबांनो.

अर्ज बाराला बंद होतो.
घड्याळात अकरा छप्पन्न.
हीटर चालू आहे,
तरी बोटं वळत नाहीत.