चाळीस ग्रॅम

फैजपूरच्या पोस्टात काट्यावर खोकं ठेवलं
तर भिरूडभाऊ चष्म्यावरून बघत म्हणाले,
"ताई, चाळीस ग्रॅम जास्त भरू राह्यलं.
किलोच्या आत बसलं असतं तर बावीस रुपये वाचते."
मी म्हटलं, भरू द्या.
आत बिबड्या होत्या. बिबडीला किलो कळत नाही.

कळतो तो सांगलीच्या श्रीपाद सोवनींना.
पाचव्या दिवशी त्यांचा फोटो आला:
ओट्यावरचा छोटा काटा, पांढरी ताटली,
ताटलीत माझा केळीचा वाळका पाला
नीट घडी घालून ठेवलेला,
पंचनाम्यातल्या मुद्देमालासारखा.
काट्यावर साठ.
खाली मजकूर: "वजन वाढवायला कचरा भरलात.
जादा टपालाचे बावीस परत करा."

कचरा.
घड कापून नेल्यावर बुंध्याला लोंबत राहतो,
उन्हात कागदासारखा वाजतो,
तो मी वेचून आणते, दांडा काढते, फडक्याने पुसते.
आमच्याकडे अंडी ह्यात जातात, बरण्या ह्यात जातात,
माझा लग्नातला आरसा सावद्याहून ह्यातच आला
आणि अजून त्याला तडा नाही.

हे सगळं मी लिहिलं. खोडलं.
मग लिहिलं की ज्वारी तीन दिवस भिजते,
रोज पाणी बदलावं लागतं,
घाटा ढवळताना मनगट दुसऱ्याचं वाटायला लागतं,
आणि खाटेवर ओलं लुगडं अंथरून थापताना
ऊन पाठीवरच बसतं, उठत नाही.
तेही खोडलं.
माणसाने उन्हाचं विचारलं नव्हतं.
बावीस रुपयांचं विचारलं होतं.

रिक्षाचे वीस मी कुठे लावले होते?
चिकटपट्टी तर देवाला सोडल्यासारखी सोडली होती.
तरी पाठवले बावीस.
त्यांच्या फोनवर टिंग वाजलं असेल
ते मला इथे ऐकू आलं, अगदी दाताखाली.

आणि तिसऱ्या दिवशी ऑर्डर:
"पुन्हा तेवढ्याच. पाला नको."

जाऊबाई म्हणाल्या, "देऊच नको त्याले.
असं गिऱ्हाईक म्हणजे
जेवून उठता उठता मीठ मोजणारा पाहुणा."
पण मला हट्ट चढला.
पाला नको तर नको.
नुसत्या बिबड्या, नुसतं खोकं,
आत हलवलं की कोणी टाळ्या वाजवतंय असं.
काट्यावर नऊशे ऐंशी. भिरूडभाऊ खूश.
"आता कसं जमलं, ताई!"
मी घरी येताना चालत आले. वीस रुपये वाचवले.
कोणाचे, ते ठाऊक नाही.

पुन्हा फोटो. तीच ताटली.
ह्या वेळी तिच्यात भुगा,
तीळ वेगळे, जिरं वेगळं,
एक अर्धी बिबडी तेवढी चंद्रासारखी वर ठेवलेली,
बहुधा पुरावा म्हणून.
मी भांडणाच्या तयारीने चष्मा लावला.
मजकूर दोनच वाक्यांचा:
"चुरा झाला.
टपाल बरोबर लागलं."

पहिलं वाक्य ठीक.
दुसरं त्यांना लिहायची काय गरज होती?
रात्री कूस बदलत मी त्यावरच होते.
परतावा मागितला नव्हता.
फुलीही मारली नव्हती.
नुसतं बरोबर ते बरोबर म्हटलं होतं,
बहुधा शाळामास्तर असावेत,
नाहीतर बँकेत कॅशियर,
एक रुपया जुळेना म्हणून दिवे लागेस्तोवर बसलेले.

सकाळी मी लिहिलं:
चुऱ्यावर कच्चं तेल घाला, शेंगदाण्याचं.
कांदा बारीक, तिखट, मूठभर दाणे.
चमचा नको, हाताने.

दुपारभर काही नाही.
संध्याकाळी एक शब्द: "घातलं."
मग तासाभराने: "तिखट जास्त झालं."

आता हे पोस्टाच्या खात्यात धरायचं
की माझ्या?