धुराडं वाकडं हवं

वूच शहरातली बंद सूतगिरणी, तिसरा मजला.
मागांचे पाय जिथे रोवलेले होते
ते चार-चार खड्डे अजून फरशीत आहेत.
तिथे बोगुमिवा कागदाचं घर बांधत होती,
विमा कंपनीसाठी.
खाली ओळ येणार होती : तुमचं घर सुरक्षित हातांत.
म्हणून हात जाणवले पाहिजेत, असं एजन्सीचं म्हणणं.
जाणवले पाहिजेत. दिसायला नकोत,
नखांत सरस असतो.

तिची कातर मेंढ्या भादरायची.
वोविचकडच्या आत्यानं दिलेली,
काळी, हातभर लांब, उघडताना कण्हणारी.
त्याच कातरीनं लोकर उतरवायची
आणि ईस्टरच्या आधी त्याच कातरीनं
भिंतीवर डकवायचे कोंबडे.
पेन्सिल नाही.
कागद दुमडायचा, कातर धरायची स्थिर,
फिरवायचा तो कागद.
एवढं एक वाक्य कळायला मला सात महिने लागले.

कौलं अकराशे चाळीस.
मी मोजली, कारण मोजणं माझं काम,
आणि चिमट्यानं उचलणं, आणि शिंक आली
तर जिन्यापर्यंत पळणं.

कागदाला हवा आधी कळते.
बाहेर बर्फ वितळू लागला की
आमच्या छपराला पोक यायचं.
मग ती रात्री केस वाळवायचं यंत्र घेऊन
लांबून, हळूहळू वारा घालायची
तान्ह्याचं जावळ वाळवावं तशी.
मी म्हटलं, झोपा आता.
ती म्हणाली, घर एकटं कसं टाकू?

धूर तिनं ट्रेसिंग पेपरचा केला होता,
एकच चिरोटी, पण जिवंत.
कंपनीच्या वकिलानं तो काढायला लावला.
विम्याच्या जाहिरातीत धूर नको.

अकराव्या दिवशी फोटो गेला. उत्तर आलं :
“अप्रतिम. पण फारच नीट झालंय.
लोकांना वाटेल कॉम्प्युटरवर केलं.
कुठेतरी एखादी चूक दाखवता येईल?
छोटीशी. गोड.
धुराडं वाकडं चालेल.”

बोगुमिवानं फोन पालथा ठेवला.
चहाचा ग्लास धुतला, पुसला, पुन्हा धुतला.
विटकरी कागद घेतला.
पहिलं धुराडं सरळ आलं.
दुसरं सरळ.
तिसऱ्याला तिनं डोळे मिटले
तर ते पहिल्या दोहोंपेक्षा सुबक.
चाळीस वर्षांचा हात,
त्याला खोटं बोलता येईना.

“झेमोवित, तू काप.”
मी?
“तुझं चुकेल. काळजी करू नकोस.”

आजवर माझ्या चुका लोकांनी खपवून घेतल्या होत्या,
मागितली कुणी नव्हती.
हात थरथरला : आणि चुकलं नाही तर?
कातर कण्हली.
मी जीव तोडून सरळ कापायला गेलो.
तेवढं पुरलं.

तिनं ते दिव्यापुढे धरलं, बराच वेळ.
डावी कड जरा पोटात गेलेली,
माथा कलंडलेला, टोपी मागे सारल्यासारखा.
“हं,” म्हणाली, आणि स्वतः चिकटवलं.

मार्चमध्ये ट्रामच्या थांब्यासमोर ते घर उगवलं,
तीन मजले उंच, धुराडं माझ्याहून मोठं.
पिशवीतून बीट डोकावणाऱ्या एक बाई
शेजारच्या मुलाला सांगत होत्या :
हल्ली सगळं कॉम्प्युटरवर करतात.
मुलगा मान वाकडी करून बघत राहिला,
नेमक्या त्याच कोनात.
“मग धूर कुठंय?”

धूर बोगुमिवाच्या खणात आहे,
पाकिटात, वर तारीख घालून ठेवलेला.
मी सांगणारच होतो.
अकरा नंबर आली,
दोघं चढून गेले.